पितळी कर्णा आणि काळी पेटी

चावीचा ग्रामोफोन म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: लाकडी ठोकळा, त्यावर फुललेला लखलखीत पितळी कर्णा, आणि कुठेतरी कर्ण्यात कान घालून बसलेला तो कुत्रा. हॉटेलांच्या दिवाणखान्यांत, जुना काळ दाखवणाऱ्या मालिकांत, संगीताच्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकांवर हेच चित्र असते. त्यामुळे जुना ग्रामोफोन आणून आपल्या हाताने दुरुस्त करावा अशी हौस ज्याला पहिल्यांदा येते, तो साहजिकच कर्ण्याच्या शोधात निघतो. इथेच त्याची फसगत सुरू होते. महाराष्ट्रात ज्या यंत्रांवर घरोघरी नाट्यपदे, आरत्या, लावण्या आणि भावगीते वाजली, त्यांतल्या बहुतेकांना दिसेल असा कर्णाच नव्हता. ती होती झाकणाची, मुठीला धरून उचलायची, काळ्या रेक्झिनसारख्या कापडाने मढवलेली पेटी. आणि ती पेटी मुळातच उघडण्यासाठी, झिजलेला भाग काढून नवा घालण्यासाठी बनवलेली होती. या दोन गोष्टी ध्यानात न घेता जो पेचकस हाती धरतो, तो एक तर नकली वस्तू घासूनपुसून चकचकीत करतो, नाही तर अस्सल यंत्राला देवघरातल्या मूर्तीसारखे अस्पर्श ठेवून मुके करून टाकतो. नवशिक्याने दुरुस्तीआधी या यंत्राचा इतिहास वाचावा तो हौस म्हणून नव्हे. कोणता स्क्रू फिरवायचा आणि कोणता नाही, हे त्या इतिहासातूनच कळते म्हणून.

एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले ते 1887 साली. पण त्याची सुरुवातीची यंत्रे हाताने फिरवायची होती. गाणाऱ्याचा सूर ऐकणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असेल, तर ते खेळणेच राहणार, आणि काही वर्षे ते तसेच राहिले. यंत्राला वाद्याची पायरी मिळवून दिली ती अमेरिकेतल्या कॅम्डन गावी छोटी यंत्रशाळा चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सनने. 1896 च्या सुमाराला त्याने स्वस्त आणि भरवशाची कमानीची मोटर बसवून दिली. यात नवे तत्त्व काहीच नव्हते. घड्याळात असते तशी पोलादी कमान, तिला चावी, दात्यांची चाके आणि वेग आवरणारा गव्हर्नर, एवढाच सरंजाम. पुढे अशा मोटरी बनवण्यात स्वित्झर्लंडमधल्या सेंत-क्रॉ या गावाने नाव काढले. तिथल्या थोरेन्स आणि पाय्यार या कंपन्या आधी चावीवर वाजणाऱ्या संगीतपेट्या बनवत असत. म्हणजे ग्रामोफोनचे कूळ घड्याळजीच्या आळीतले आहे, आणि त्या आळीचा रिवाज असा की वस्तू वर्षानुवर्षे चालावी पण तिची कमान, तिचे तेल, तिचे नाजूक सुटे भाग अधूनमधून बदलले जावेत. ग्रामोफोन कंपन्यांच्या सूचीपत्रांत कमानी, पडदे, गव्हर्नरच्या पट्ट्या आणि सुया वेगवेगळ्या विकायला असत. ज्या यंत्राचा निर्मातासुद्धा सुटे भाग विकायला काढतो, त्याने ते यंत्र अखंड राहील अशी अपेक्षाच केलेली नसते.

हिंदुस्थानात ही विद्या व्यापाराच्या वाटेने आली. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग 1902 साली कलकत्त्याला उतरला आणि त्याच मुक्कामात गौहरजान ध्वनिमुद्रित झाली. साचे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तबकड्या छापून परत येत. तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिकेने आपले नाव पुकारायचे, ही प्रथा त्यातूनच आली. 1908 साली कलकत्त्यात कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. या पहिल्या दशकातली यंत्रे कर्ण्याची होती हे खरेच. पण ती घेणे संस्थानिकांना, धनिकांना आणि दुकानदारांनाच परवडे. आणि कर्ण्याचा काळ तसा फार टिकला नाही. अमेरिकेत 1906 सालीच कर्णा पेटीच्या पोटात दडवलेली व्हिक्ट्रोला बाजारात आली. 1914 साली डेक्काने हातात धरून नेता येईल असा ग्रामोफोन काढला आणि पहिल्या महायुद्धात तो खंदकांपर्यंत पोचला. त्यानंतरचा हमरस्ता उचलत्या पेट्यांचा. हिज मास्टर्स व्हॉइसचे 101 हे मॉडेल 1925 चे. त्याच्या जागी 1931 साली 102 आले, आणि ते 1958 पर्यंत बनत राहिले. एकाच यंत्राचे उत्पादन सत्तावीस वर्षे चालू राहते तेव्हा त्याला गिऱ्हाईक कुठे होते हे विचारायला हवे. त्यातले पुष्कळ गिऱ्हाईक वीज नसलेल्या मुलखात होते.

मराठी ऐकणाऱ्यांचा ग्रामोफोन नेमका याच काळातला आहे. बालगंधर्वांची, हिराबाई बडोदेकरांची, मास्टर दीनानाथांची गाणी ज्या दशकांत घराघरांत गेली ती 1920 आणि 1930 ची. गजानन वाटवे किंवा जी. एन. जोशी यांच्यासारखे भावगीत गायक तर या पेटीनेच मोठे केले. जोशींची 'शीळ' 1930 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत रेकॉर्डवर आली आणि मराठीत तबकडीसाठी गाणे हा एक वेगळाच प्रकार रुजला. 1935 साली मुंबईत 'यंग इंडिया' या छापाच्या देशी रेकॉर्डी निघू लागल्या, त्या 1955 पर्यंत निघत होत्या. आणि आपल्याकडे ही कहाणी युरोपापेक्षा बरीच लांबली. साहेबाच्या देशात 78 फेऱ्यांची लाखेची तबकडी 1960 च्या आसपास बंद पडली. हिंदुस्थानात मात्र बीटल्सची गाणीसुद्धा तिच्यावर छापली गेली आणि आज जगभरचे संग्राहक ती शोधत असतात. कारण उघड आहे. खेडोपाडी वीज पोचली नव्हती, चावीची पेटी मात्र पोचली होती. ज्याला भारतीय ग्रामोफोनचा इतिहास दुरुस्त करायचा आहे, त्याने म्हणून ती पेटीच घ्यावी. ती दिसायला साधी असते, जुन्या सुटकेसमध्ये सहज मिसळून जाते आणि अजूनही माळ्यावरून खाली येते.

मग पितळी कर्ण्याची ती गर्दी आली कुठून? मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर, दिल्लीत, आणि आता जगभरच्या लिलावांत दिसणारे हे ग्रामोफोन बहुतांशी गेल्या काही दशकांत जुळवलेले आहेत. कृती सोपी असते. मोडक्या उचलत्या पेटीतली मोटर काढायची, नवा लाकडी ठोकळा करून त्यात बसवायची, पातळ पितळी पत्र्याचा कर्णा जोडायचा आणि पुढे कुत्र्याची पट्टी ठोकायची. ओळखायला मोठी विद्या लागत नाही. अस्सल यंत्रांचे मोठे, पाकळ्यांचे कर्णे बहुधा रंगवलेल्या पोलादी पत्र्याचे किंवा लाकडाचे असत. संपूर्ण पितळेचा भलामोठा कर्णा दिसला की आधी शंका घ्यावी. कर्णा आणि आवाजाची नळी यांना जोडणारे कोपर नकली यंत्रात ओबडधोबड असते, कारण अस्सल यंत्रात तोच भाग बनवायला सगळ्यांत कठीण. चकती ठोकळ्याच्या मानाने लहान दिसते, कारण ती प्रवासी पेटीची असते. आणि कुत्र्याची पट्टी हा तर साक्षीदारच फितूर झाल्याचा प्रकार: लंडनच्या ग्रामोफोन कंपनीच्या रेकॉर्डांवर तो कुत्रा 1909 च्या सुमाराला आला, त्याआधी तिथे तबकडीवर लेखणीने कोरणारा देवदूत होता. तेव्हा विक्रेता 1900 चे साल सांगत असेल आणि पट्टीवर कुत्रा बसलेला असेल, तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. बिचारा कुत्रा तर बोलत नाही.

आता पेटीच्या आत. मोटरची फळी उचलली की खाली पितळी किंवा पोलादी डबा दिसतो. कमान त्यात गुंडाळलेली असते. ही कमान म्हणजे बोटभर रुंद, कित्येक हात लांब पोलादी पट्टी. मूळ वंगण ग्राफाइट आणि व्हॅसलिनसारख्या चिकट पदार्थाचे असे. सत्तर-ऐंशी वर्षांत ते वाळून डांबरासारखे होते, वेटोळी एकमेकांना चिकटतात, आणि चावी सुटत असताना एकेक वेटोळे झटक्याने सुटते. गाणे चालू असताना पेटीतून 'धप्प' असा आवाज येतो आणि सूर क्षणभर हेलकावतो तो यामुळे. नवशिके याला कमान तुटली समजतात आणि नवी मागवतात; पुष्कळदा तीच कमान धुऊन, पुसून, ताजे ग्राफाइटचे वंगण लावून परत बसवली की काम होते. तुटली असेल तरी बहुधा टोकालाच तुटते, आणि टोक तापवून मऊ करून नवे भोक पाडता येते. मात्र एक शिस्त मोडायची नाही: चावी पूर्ण उतरवल्याशिवाय मोटर खोलायची नाही, आणि डब्यातून कमान काढताना जाड हातमोजे घालून, एकेक वेटोळे आवरत काढायची. दाबलेली कमान एकदम सुटली तर बोटे कापते. ज्याला ही भीती वाटते त्याने हे एक काम जाणत्याकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही, जुन्या काळी घरमालकही ते स्वतः करत नसे.

कमान ताकद देते, पण शहाणपण गव्हर्नरकडे असते. एका उभ्या किंवा आडव्या दांड्यावर तीन छोटी शिशाची किंवा पितळेची वजने पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात. दांडा जोरात फिरू लागला की वजने बाहेर फाकतात, त्यांच्यासोबत एक चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासते. वेग आपोआप लगामात राहतो. पेटीवरचा वेगाचा खटका त्या तुकड्याची जागा मागेपुढे करतो, बस. हा तुकडा वाळला की मोटर किंचाळते आणि गाणे थरथरते. तेलाचे दोनचार थेंब पुरतात. वेग नीट लागला का हे तपासायला तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून मिनिटात 78 फेऱ्या मोजाव्यात, किंवा 77 रेघांची चकती ठेवून विजेच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात का पाहावे. ही काटेकोर मोजणी किरकोळ हट्ट नाही. 78 ऐवजी चकती साडेचार फेऱ्यांनी मागे पडली की सूर अर्ध्या स्वराने उतरतो. काळी दोनमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये गाते आणि तिचा आवाजही जाड होतो. सुरुवातीच्या रेकॉर्डी तर सगळ्या 78 च्या नव्हत्याच, कोणी सत्तरच्या आसपास तर कोणी ऐंशीच्या वर. म्हणून तो खटका आहे, आणि म्हणून पेटीशेजारी हार्मोनियम असणे बरे. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत अंतराळात गेली, तेव्हा त्या तबकडीच्या आवरणावर ती किती वेगाने फिरवायची हे चिन्हांनी कोरून द्यावे लागले. वेग माहीत नसेल तर गाण्याचा पत्ताच हरवतो.

साउंडबॉक्स हा यंत्राचा गळा. जुन्या यंत्रांत त्याचा पडदा अभ्रकाचा असे, 1925 नंतर विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि पडदे ॲल्युमिनियमचे होऊ लागले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना रबरी नळीची कडी असते, आणि ऐंशी वर्षांनी ती हाडासारखी कडक होते. आवाज कर्कश, पत्र्यासारखा येतो तो बहुतेक वेळा याच कडीमुळे. नवी मऊ नळी कापून बसवली की तीच पेटी ओळखू येत नाही. या एका दुरुस्तीवर नवशिक्याने पहिला हात बसवावा, कारण खर्च क्षुल्लक आणि फळ तत्काळ. सुई मात्र दर बाजूला नवी. लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असते, आणि तिचे एक काम पोलादी सुई घासून तिला खाचेच्या आकाराची करणे हेच असते. पहिल्याच काही फेऱ्यांत सुई घडते, आणि शेवटापर्यंत झिजते. दुसऱ्या बाजूला तीच लावली तर तिची धार खाच कापत जाते. म्हणून सुया 200 च्या डब्यांतून विकल्या जात. आपल्याकडे काटकसरीने तीच सुई आठवडाभर चालवण्याची चाल होती, आणि जुन्या रेकॉर्डांवरचा राखाडी, झिजलेला पट्टा त्याचीच खूण आहे.

यावरून एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. साउंडबॉक्सचे वजन सुईच्या टोकावर शंभर ग्रॅमच्या वर पडते; मग या यंत्रावर जुनी रेकॉर्ड वाजवणे म्हणजे ती हळूहळू नष्ट करणेच नव्हे का? आणि ज्या रेकॉर्डी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांनी आणि हौशी संग्राहकांनी जपल्या, त्यांतली बरीच गाणी आज फोनवर ऐकता येतात. मग हा खटाटोप कशाला? पहिल्या आक्षेपाचे उत्तर भेद करण्यात आहे. दुर्मीळ, एकुलती एक वाटणारी तबकडी या पेटीवर मुळीच वाजवू नये; ती हलक्या पिकअपच्या विजेच्या यंत्रावर उतरवून घ्यावी आणि बाजूला ठेवावी. पण 1950 च्या दशकातल्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्डी हजारोंनी छापल्या गेल्या आणि रद्दीच्या भावाने मिळतात. त्या वाजवण्यासाठीच होत्या. दुसऱ्याचे उत्तर असे की फोनवर ऐकू येते ते गाणे, यंत्र नव्हे. त्या वेळच्या गायकाने आवाज तसा का लावला, तान मध्यमाच्या वर का चढवली, हे ज्या पडद्यातून आणि नळीतून तो लोकांना ऐकू यायचा होता त्यांच्यातून ऐकल्यावर वेगळेच कळते. विनाइलची लाँगप्ले रेकॉर्ड मात्र या पेटीवर कधीही ठेवू नये. विनाइल एका खेपेतच खरवडून निघते.

संग्रहालयवाल्यांचा आक्षेप याच्या उलटा असतो: जुनी वस्तू जशी मिळाली तशी ठेवावी, नवा भाग घातला की तिचा पुरावा पुसला जातो. ताम्रपटाबाबत हे बरोबर आहे. ग्रामोफोनबाबत ते अर्धेच खरे आहे, कारण जी वस्तू झिजून बदलण्यासाठीच होती, तिच्यातला वाळका रबर हा पुरावा कशाचा? तो फक्त कोणी तरी बदलायचे राहून गेल्याचा. मात्र जे बदलण्यासाठी नव्हते तिथे आक्षेप मान्य करावा लागतो. पेटीचे मढवलेले कापड, आतला दुकानदाराचा बिल्ला, नळीवरचे निकेल, खटक्यावरचे अक्षर, यांना पॉलिश कागद लावू नये. मढवलेल्या कापडावर ओल्या फडक्यापेक्षा जास्त काही नको. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे भाग फार वापरले गेले. त्यांतल्या शिशाच्या भेसळीमुळे ते आतून फुगतात, तडकतात आणि पीठ होतात. साउंडबॉक्सची पाठ अशी तडकलेली दिसली की जोर लावून उघडू नये, ती तुकड्या-तुकड्यांत हाती येईल. आणि लाकडी पेटीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावून पॉलिश करणाऱ्याने ते स्पिरिटचे फडके रेकॉर्डपासून लांब ठेवावे. तबकडीही लाखेचीच. छोटा नागपूरच्या जंगलातल्या पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरून खरवडलेली जी लाख तेव्हा साऱ्या जगाच्या गाण्याला लागत होती, ती स्पिरिटमध्ये क्षणात विरघळते आणि गाण्यासकट निघून येते. रेकॉर्ड पाण्याने आणि साबणाच्या एखाद्या थेंबाने पुसावी, बिल्ला न भिजवता.

राहिला शेवटचा आक्षेप, चोर बाजाराच्या बाजूचा. पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन करणारे कारागीर हेही मराठी-उर्दू बोलणाऱ्या मुंबईच्या एका कसबाचे वारस आहेत. त्यांनी त्या मोटरी वाचवल्या नसत्या तर त्या भंगारात गेल्या असत्या. यात तथ्य आहे. त्यांचे पितळकाम वाईट नसते, आणि विकताना 'शोभेचा' असे सांगितले तर त्यात खोटेपणाही नाही. पण भंगारातून मोटर वाचते तेव्हा तिची पेटी, तिचा साउंडबॉक्स आणि तिचे झाकण बाद होते, आणि वाजू शकणाऱ्या पेट्या सुट्या भागांसाठी फोडल्या जाऊ लागतात तेव्हा ही वाचवणूक उलटी होते. ज्याच्या घरात असा कर्ण्याचा ग्रामोफोन आधीच आला आहे, त्याने तो फेकू नये. आतली मोटर उघडून पाहावी. स्विस किंवा इंग्लिश कारखान्याचे नाव बहुधा फळीवर छापलेले मिळते. तिची कमान आणि गव्हर्नर वर सांगितले तसे नीट करावे, आणि मढवलेली काळी पेटी रिकामी मिळाली, मोटर तिच्या मापाची असली, तर मोटर तिथे हलवावी. बदललेला प्रत्येक भाग कोणता, कधीचा आणि जुन्याचे काय केले, हे एका कागदावर लिहून पेटीच्या झाकणाखालच्या रेकॉर्डच्या कप्प्यात ठेवावे. पुढे ती पेटी उघडणाऱ्याला आपण घातलेली रबराची नळी मूळची वाटू नये, यासाठी तो कागद लागेल.